कुसवाखालची हाडं

मध्ययुग म्हटलं की आपल्या पोरांच्या डोळ्यांपुढं काय उभं राहतं? घोडा. तलवार. बुरूज. बुरुजावर फडफडणारा झेंडा, त्याचा रंग ज्याच्या त्याच्या आवडीचा. कादंबरीवाल्यांनी, सिनेमावाल्यांनी आणि आता मोबाईलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितींनी हे मध्ययुग आपल्या टाळक्यात असं ठोकून बसवलंय की बाकी काही विचारायची सोयच राहिलेली नाही. त्या घोड्याला वैरण कोण घालत होतं? मेलेला घोडा कोण ओढून नेत होतं? बुरुजाचा दगड कुणाच्या पाठीवरून वर चढला? मी आज तेवढंच विचारणार आहे. दगड कुणी वाहिला, आणि ज्याच्या अंगावर तो पडला त्याचं पुढं काय झालं?

उदाहरणाला लांब जायला नको. पंढरपूरच्या शेजारचं मंगळवेढं घ्या. साल १३३८, शके १२६०. परंपरा सांगते ती हकीकत अशी: गावाच्या कुसवाचं काम चाललं होतं. कामाला महार वेठीला धरले होते. चालत्या कामात भिंत ढासळली. माणसं जिवंत गाडली गेली. त्यांत चोखा होता. चोखामेळा.

पुढं काय झालं ते तुम्ही कीर्तनात ऐकलं असेल. नामदेव पंढरपुराहून मंगळवेढ्याला आला. ढिगारा उपसला तर आत नुसती हाडं. कुणाचं कुठलं हाड कसं ओळखायचं? तर नामदेवानं एकेक हाड उचलून कानाला लावलं. ज्या हाडातून विठ्ठलनाम ऐकू आलं ते चोख्याचं. ती हाडं गोळा करून त्यानं पंढरीला नेली आणि देवळाच्या महाद्वारापुढं पुरली. ती समाधी आजही तिथं आहे. लोक तिच्यावर डोकं टेकून मग पायरी चढतात.

गोष्ट चांगली आहे. आपल्या म्हाताऱ्या ती ऐकून डोळे पुसत. मी तिची टिंगल करणार नाही. पण मित्रांनो, मला त्या गोष्टीत दुसरीच हाडं दिसतात. जी नामदेवानं कानाला लावली आणि खाली ठेवली, ती. ज्यांतून काही ऐकू आलं नाही, ती. त्या हाडांचं काय झालं? ती कुणाची होती? त्यांना बायकापोरं होती की नव्हती? भिंत पडली तेव्हा तीही ओरडली असतीलच. देवाच्या नावानं नसतील ओरडली. आई गं म्हणून ओरडली असतील, पाणी म्हणून ओरडली असतील. ते ऐकायला कुणाचा कान नव्हता.

आणि हे ध्यानात घ्या की चोखा अभंग करत होता म्हणून ही भिंत पडल्याची बातमी आपल्यापर्यंत आली. तो मुका असता तर मंगळवेढ्याची भिंत पडली काय आणि न पडली काय, कुणी लिहून ठेवलं नसतं. त्या शतकात दख्खनमध्ये शेकड्यांनी कुसवं, गढ्या, कोट उठले. त्यांतल्या किती भिंती किती जणांच्या अंगावर आल्या याची मोजदाद कुठल्या बखरीत नाही, कुठल्या ताम्रपटात नाही, कुठल्या तवारिखेत नाही. ताम्रपटात जमीन कुणाला दान दिली ते असतं. तवारिखेत कुणी कुणाला मारलं ते असतं. भिंतीखाली कोण मेलं ते नसतं.

आता ही भिंत कशासाठी, तेही बघू.

१२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि यादवांची तिजोरी उपसून घेऊन गेला. पुढल्या वीसेक वर्षांत यादवांचं राज्य बुडालं. १३२७ मध्ये महंमद तुघलकानं देवगिरीचं दौलताबाद करून तिथं राजधानी आणली. १३४७ मध्ये बहमनी राज्य उभं राहिलं. म्हणजे एका माणसाच्या आयुष्यात चार सत्ता. चोखा जन्मला तेव्हा यादव होते, मेला तेव्हा तुघलक होता, आणि मेल्यावर नऊ वर्षांत बहमनी आले. अशा काळात फौजा सारख्या फिरत. फौज फिरली की तिला दाणा लागतो, वैरण लागते, सरपण लागतं, ओझी वाहायला माणसं लागतात. फौज आपल्या राजाची असो की परक्या राजाची, गावाला ती टोळधाडीसारखीच. म्हणून गावाला कूस पाहिजे. वेशीला दरवाजा पाहिजे. दरवाज्याला राखणदार पाहिजे.

इथंच सगळी मेख आहे. कूस कुणी बांधायचं? महारानं. वेशीवर रात्रभर जागायचं कुणी? महारानं. तोच वेसकर, तोच तराळ. आणि राहायचं कुठं? कुसवाच्या बाहेर!

ही मध्ययुगाची युद्धनीती नीट समजून घ्या. जो भिंत बांधतो तो भिंतीच्या आत नाही. जो दरवाजा राखतो त्याच्या झोपडीला दरवाजा नाही. शत्रू आला की पहिलं घर कुणाचं पेटणार? पेटलेल्या महारवाड्याचा उजेड बघून आतले लोक सावध होणार. आमची वस्ती हीच गावाची पहिली तटबंदी होती, आणि ती माणसांच्या अंगाची होती. तिला दगड लागत नव्हता, चुना लागत नव्हता.

असली हकीकत एकट्या मंगळवेढ्याची नाही. पुरंदरच्या किल्ल्यावर शेंदऱ्या बुरूज आहे. त्याची कथा इंग्रजांच्या गॅझेटियरातही आली. बेदरच्या बादशहाच्या अमलात तो बुरूज बांधताना पुन्हा पुन्हा ढासळायचा. मग स्वप्नं पडली. स्वप्नं नेहमी वरच्यांना पडतात आणि खरी खालच्यांच्या जिवावर होतात. पहिला मुलगा आणि त्याची बायको पायात जिवंत पुरली तर बुरूज उभा राहील, असं त्या स्वप्नात आलं. बहिरनाकाचा मुलगा नाथनाक आणि सून देवकाई, ही दोघं पायात गेली, असं ती कथा सांगते. बुरूज उभा राहिला. त्या बापाच्या घराला इनाम मिळालं. आज तिथं पोरं रविवारी ट्रेकिंगला जातात, बुरुजावर उभं राहून दोन बोटं वर करून फोटो काढतात. काढा ना! पण पायाखाली कोण आहे ते तरी विचारा. नाथनाक आणि देवकाई. गड ज्यांनी जिंकले त्यांची नावं तुम्हाला वंशावळीसकट पाठ आहेत. ही दोन नावं किती जणांना पाठ आहेत?

झालं युद्धाचं. आता रोजचं जगणं.

बारा बलुतेदारांत महार एक. सुगी झाली की खळ्यावर जायचं, वाट्याचं बलुतं मागायचं. सांडलेला दाणा गोळा करायचा. मेलेलं ढोर ओढायचं. गावच्या सीमेचा तंटा पडला की साक्ष महाराची, कारण शिवारातला दगडन् दगड त्याला माहीत. सरकारी भरणा न्यायला सोबत महार, कारण जीव गेला तर त्याचा जावा. म्हणजे पैशाच्या बाबतीत विश्वासाचा, पाण्याच्या बाबतीत विटाळाचा. सीमेवर त्याचा शब्द चालतो, पाणवठ्यावर त्याची सावली चालत नाही. असला हिशोब जगातल्या कुठल्या हुशार सावकारालाही जमला नसता.

आणि या सगळ्याच्या बदल्यात जमिनीचा एक तुकडा. त्याचं नाव हाडकी-हाडोळा. शब्द नीट ऐका. हाडांची जमीन. जिथं मेल्या ढोरांची हाडं पडायची ती आमची इनामं! शिवाय बेदरच्या बादशहानं दिलेल्या बावन्न हक्कांची गोष्ट आपल्या वाडवडिलांनी छाती फुगवून सांगितली. त्या सनदेवर इतिहासकार वाद घालतात, घालू देत. मला त्या हक्कांच्या यादीचाच राग येतो. मेलेल्या जनावराच्या कातड्याचा हक्क. खळ्यावरच्या सांडलेल्या धान्याचा हक्क. ज्याला बेडी म्हणायचं त्याला हक्क म्हणायला शिकवलं, आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ती बेडी घासूनपुसून लखलखीत ठेवली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनावर बिल आणलं ते उगाच नाही. ते वतन कायद्यानं जायला १९५८ साल उजाडलं. मध्ययुग कधी संपलं असं परीक्षेत विचारतात ना? महारवाड्यातलं मध्ययुग १९५८ च्या कायद्यानंतरही किती वर्षं चाललं, ते तुमच्या आज्याला विचारा.

आता धर्माकडं येतो.

यादवांच्या दरबारात हेमाद्री नावाचा मोठा अधिकारी होता. त्यानं ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा ग्रंथ रचला. व्रतं, दानं, श्राद्धं, प्रायश्चित्तं यांचा डोंगर. कुठल्या तिथीला काय खायचं, कुणाला जेवू घालायचं, काय दान द्यायचं, सगळं बारीकसारीक. वर्षाचे दिवस कमी पडतील येवढी व्रतं. आणि त्याच यादवांच्या राज्यात चक्रधर फिरत होता, बायकांना आणि शूद्रांना जवळ करत होता, लोकांच्या मराठीत बोलत होता. त्याचे गुरू गोविंदप्रभू ऋद्धिपुरात महारामांगांच्या घरांत शिरत होते. म्हणजे तेव्हा कुणालाच काही कळत नव्हतं, काळच तसा होता, ही थाप चालायची नाही. काळ तसा होता म्हणणाऱ्यांना माझा सवाल आहे: त्याच काळात विरुद्ध चालणारी माणसं कशी निघाली? काळ सगळ्यांना सारखाच होता. सोय वेगवेगळी होती.

चोख्याला वारकऱ्यांनी जवळ केलं, हे खरं. नामदेव त्याला मानत होता, तेही खरं. पण जवळ केलं ते कुठं? चंद्रभागेच्या वाळवंटात. वाळवंटात समता होती आणि देवळात बडवे होते. वाळवंटात मिठी मारायची आणि पायरीपाशी मिठी सोडायची. चोख्याला मारहाण झाली तेव्हा त्यानं दाद मागितली ती देवाकडं, कारण दुसरं कुठलं कोर्टच नव्हतं. पाटील त्यांचा, राजा त्यांचा, शास्त्र त्यांचं. राहिला एक विठोबा, तो तरी आपला असेल म्हणून त्याला हाक मारली.

याच मंगळवेढ्याची आणखी एक गोष्ट आहे. चोख्याच्या नंतरच्या शतकातली म्हणून सांगतात. दुष्काळ पडला, दामाजीपंतानं बादशहाची धान्याची कोठारं लोकांना उघडून दिली. बादशहा खवळला. तर विठोबानं काय केलं? विठू महाराचं रूप घेतलं, घोंगडी-काठी घेतली आणि बेदरला जाऊन दाण्यांचे पैसे भरले. बघा गंमत! पंताचा जीव वाचवायला देव महार होऊ शकतो. भिंतीखालच्या महाराला वाचवायला देव काहीच होऊ शकत नाही. देव महाराचं सोंग घेऊन दरबारात गेला तर चालतं. खरा महार देवाच्या गाभाऱ्यात गेला तर देव बाटतो.

मे १९४७ मध्ये साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं, तेव्हा त्या देवळाचं दार उघडायची हालचाल झाली. १३३८ ते १९४७. सहाशेनऊ वर्षं. समाधीपासून आत जायला फार तर काही पावलं. सहाशेनऊ वर्षांत ती पावलं पडली नाहीत. ही पावलं मोजता आली तर मध्ययुगाचा सगळा इतिहास कळतो, जाडजूड ग्रंथ वाचायची गरज नाही.

मला ठाऊक आहे, आपल्यातले काही जण आता म्हणतील, कशाला त्या चोख्याला उकरतोस? तो रडका. मागल्या जन्मीचं पाप म्हणून निमूट सोसणारा. आपल्याला लढवय्ये पाहिजेत.

थांबा. पूर्वजन्माची भाषा त्याच्या घरच्या अभंगांत आहे, ती मी लपवत नाही. ती भाषा आपण १९५६ साली नागपूरला सोडून दिली, पुन्हा उचलायची नाही. पण त्याच घरात दुसरंही काही चाललं होतं. त्याची बायको सोयराबाई. तिनं विचारलं की विटाळाशिवाय जन्मलेला देह दाखवा तरी एक. हा प्रश्न चौदाव्या शतकातल्या एका महारणीचा आहे. तिच्यापुढं हेमाद्रीचा डोंगर ठेवा आणि उत्तर शोधा, सापडणार नाही. त्याचा पोरगा कर्ममेळा. त्यानं देवाला सरळ तोंडावर विचारलं की आमचा जन्म उष्ट्यावर घालवलास, तुला काहीच कसं वाटत नाही? बाप विनवत होता, आई तर्क करत होती, पोरगा जाब विचारत होता. एका झोपडीत, एका पिढीच्या आत. तिथून आपल्यापर्यंत यायला सहा शतकं लागली, कारण मधे भिंत होती. बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ हे पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केलं. त्यांना चोख्याचा मार्ग पटत नव्हता, तरी त्याची हाडं त्यांनी परकी मानली नाहीत.

आणि लढवय्ये पाहिजेत म्हणणाऱ्यांना मला जरा रोखठोक सांगायचंय. हल्ली आपल्यातही ही हौस फार वाढलीय. जो तो बखरी चाळतो आणि आपल्या जातीचा एखादा सरदार सापडतो का बघतो. सापडला की बॅनर. आपले लोक लढले, गडाच्या घेऱ्यात त्यांनी पहारे दिले, रणात मेले, त्याचा अभिमान धरा, जरूर धरा. पण त्यांचं मापच घेऊन आपला इतिहास मोजायला बसलात तर आपण हरलो. ज्याच्या हातात तलवार तोच माणूस, हा त्यांचा नियम. तो मान्य केला की दगड वाहणारा आपोआप माणसातून उठतो. मग आपल्या शंभरातल्या नव्वद पूर्वजांचं करायचं काय? ते तलवारीनं मेले नाहीत. ते भिंतीखाली मेले, ओझ्याखाली मेले, दुष्काळात मेले, पाणवठ्यापासून दहा हातांवर तहानेनं मेले. त्यांची लाज वाटणार असेल तर आपण आपल्याच बापाला ओळख द्यायला लाजतोय.

दुसरे आहेत ते मध्ययुगाचा आखाडा करणारे. त्यांच्या मध्ययुगात फक्त हिंदू आणि मुसलमान राहतात. यादवांकडून सत्ता दिल्लीकडं गेली, दिल्लीकडून बेदरकडं, बेदरहून निजामशाही-आदिलशाहीकडं. झेंडे बदलले. पाटील राहिला, कुलकर्णी राहिला, देशमुख राहिला. सुलतानाला सारा पाहिजे होता आणि सारा गोळा करायला हीच मंडळी पाहिजे होती. महारवाडा कुसवाबाहेर होता तो तिथंच राहिला. ना सुलतानानं तो आत घेतला, ना राजानं. तेव्हा कुणी तुम्हाला येऊन म्हणेल की पाचशे वर्षांपूर्वीचा सूड घ्यायला चल, तर त्याला एवढंच विचारा: त्या पाचशे वर्षांत मी कुसवाच्या कुठल्या बाजूला होतो? त्याला उत्तर द्यायला लावा. मग बघा तो कसा सटकतो.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर एकट्या २०१९ सालाकडं बघा. २९ जूनला पुण्यात कोंढव्याला भिंत पडली, पंधरा जण मेले. पोट भरायला परमुलखातून आलेले बांधकाम मजूर आणि त्यांची पोरंबाळं, भिंतीच्या आडोशाला पत्र्याच्या खोपट्यांत झोपलेले. तीनच दिवसांनी, २ जुलैला, मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात जलाशयाची भिंत झोपड्यांवर आली, तीसच्या आसपास माणसं गेली. २ डिसेंबरला तामिळनाडूत मेट्टुपाळयमजवळ नाडूर गावात भिंत पडली, सतरा जण मेले, सगळे दलित. त्या भिंतीला तिथले लोक अस्पृश्यतेची भिंत म्हणत. एका वर्षात तीन मंगळवेढी! आणि २०१३ चा कायदा असूनही गटारात उतरून गुदमरणारी माणसं आहेतच. या मेलेल्यांतल्या कुणाची हाडं कुणी कानाला लावली? पंचनामा झाला, मदतीचे आकडे जाहीर झाले, दुसऱ्या दिवशी क्रिकेट. त्यांत एखादा कवी नव्हता, म्हणून बातमी दोन दिवसांत मेली.

म्हणून मी म्हणतो, कान लावायचं काम आता आपलं आहे. नामदेवानं एक नाव ऐकू येणारी हाडं उचलली. आपल्याला बाकीची उचलायची आहेत, ज्यांतून कुठलंच पवित्र नाव ऐकू येत नाही ती.

हे काम कसं करायचं ते सांगतो, कारण नुसत्या गर्जनांनी अंक भरतो, इतिहास भरत नाही. सुट्टीत गावी गेलात तर गावच्या कुसवाचे अवशेष कुठं उरलेत ते बघा. आपली वस्ती त्याच्या कुठल्या दिशेला होती ते लिहून काढा. हाडोळ्याची जमीन कुठं होती आणि आज तिचा सातबारा कुणाच्या नावावर आहे ते शोधा. तिथं तुम्हाला मध्ययुग जिवंत भेटेल, चहासुद्धा पाजेल. आज्जीला तिच्या सासूच्या ओव्या म्हणायला लावा. आज्याला विचारा की वेठीला कोण कोण जायचं, कुठलं काम करताना कोण मेलं. त्यांची नावं लिहा. शुद्धलेखन बघू नका, ऱ्हस्वदीर्घ आम्ही बघू, आणि तेही जमलं तर. गडावर गेलात तर माथ्यावरच थांबू नका, घेऱ्यात उतरा, पायथ्याच्या वाड्यावस्त्यांत जा, तिथल्या म्हाताऱ्यांशी बोला. शहरात राहताय तर आणखी सोपं. तुमच्या शेजारी जी इमारत उठतेय तिथल्या मजुरांची नावं विचारा, गाव विचारा, ते रात्री कुठल्या भिंतीला टेकून झोपतात ते बघा. भिंत पडायच्या आधी विचारा. पडल्यावर विचारून सहाशे वर्षं झाली.

आलेलं सगळं छापू. जागा कमी पडली तर माझा अग्रलेख काढून टाकू.